२०३० साली देशाला किती गॅस लागेल? आणि कोणत्या भावाला?

आकडेमोड

मंडळी, भारताला २०३० मध्ये किती नैसर्गिक वायू लागेल याचे दोन अंदाज सध्या सगळीकडे उद्धृत होतात. पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या २०२५ च्या अभ्यासात २०२३-२४ चा खप दिवसाला १८८ दशलक्ष घनमीटर धरला आहे. आजच्या चालीने गेलो तर २०३० मध्ये तो २९७ होईल आणि सगळं मनासारखं जुळून आलं तर ३६५, असं ते म्हणतात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने फेब्रुवारी २०२५ मध्ये वर्षाला १०३ अब्ज घनमीटर म्हटलं. वर्षाचा एक अब्ज म्हणजे दिवसाचे २.७४ दशलक्ष, म्हणजे त्यांचा आकडा २८२ च्या आसपास येतो. (पुढे मी नुसतं ‘दशलक्ष’ लिहीन, ते दिवसाचे दशलक्ष घनमीटर समजावेत.)

दोन वेगळ्या संस्थांचे आकडे इतके जवळ आले की अंदाज पक्का वाटायला लागतो. म्हणून आधी जुने कागद उघडूया.

२००० साली केंद्र सरकारने ‘हायड्रोकार्बन व्हिजन २०२५’ प्रसिद्ध केलं. १९९७-९८ मध्ये देशाच्या ऊर्जेत गॅसचा वाटा ७ टक्के होता आणि २०२४-२५ पर्यंत तो २० टक्के होईल असं त्यात होतं. २०२५ उजाडलं तेव्हा वाटा होता ६ ते ७ टक्के. मधल्या काळात ‘२०३० पर्यंत १५ टक्के’ हे नवं उद्दिष्ट आलं.

२०१३ मध्ये नियामक मंडळाचाच ‘व्हिजन २०३०’ अहवाल आला. त्यात २०१२-१३ ची मागणी २४२ दशलक्ष आणि २०२९-३० ची ७४६ दशलक्ष होती. २०१२-१३ चा प्रत्यक्ष खप १६० च्या आसपास होता, म्हणजे सुरुवातीच्या वर्षातच ८० दशलक्षांची तफावत होती. तिचं स्पष्टीकरण असं की पुरवठा कमी पडला, खरी मागणी त्याहून जास्त आहे. आणि २०२९-३० च्या त्या ७४६ पैकी जवळजवळ निम्मा गॅस, ३५० हून जास्त, वीजकेंद्रं घेणार होती. आज वीजकेंद्रं घेतात २५ च्या आसपास.

मला वाटतं हा सांख्यिकीच्या पद्धतीचा दोष नाही, प्रश्नच अर्धा विचारला गेला. ‘किती गॅस लागेल’ या वाक्यात भाव नाही. पेट्रोलचं तसं नसतं. भाव वाढला तरी स्कूटर पेट्रोलवरच चालते. गॅसला मात्र प्रत्येक ठिकाणी पर्याय उभा आहे: वीजकेंद्रात कोळसा आणि सौर, भट्टीत प्रोपेन, फर्नेस ऑइल किंवा कोळसा, शुद्धीकरण कारखान्यात नाफ्था, स्वयंपाकघरात सिलिंडर, रस्त्यावर डिझेल आणि आता बॅटरी. त्यामुळे गॅसची मागणी हा एक आकडा नसतो, ती भावागणिक बदलणारी उतरंड असते. सहा डॉलरला जो गिऱ्हाईक रांगेत उभा आहे तो बारा डॉलरला दिसतही नाही. (भाव सगळीकडे दर दशलक्ष ब्रिटिश उष्मांक एककाचा, गॅसव्यवहारात तोच चालतो.)

आणि दुसरी बाजू: गेल्या वर्षांचा खप घेऊन रेघ पुढे ओढली तरी चूकच होते. आपल्याकडचा खप मागणीने ठरलेला नाही, पुरवठ्याने ठरलेला आहे. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या केजी-डी६ या गॅसक्षेत्रातून एप्रिल २००९ मध्ये गॅस सुरू झाला, वर्षभरात ६० दशलक्षांच्या वर गेला, ८० ची स्वप्नं पाहिली गेली, आणि २०१३-१४ पर्यंत तो १५ च्याही खाली आला. त्या चढावर ज्यांनी समीकरण बसवलं त्यांना मागणी आकाशाला भिडताना दिसली, आणि उतारावर बसवलं असतं तर देशाला गॅस नकोच असं उत्तर आलं असतं. दोन्ही वेळा मोजला गेला तो विहिरींचा दाब.

हा धागा काढण्याचं कारण एवढंच की या आकड्यांवर आयात टर्मिनल (जहाजाने आलेला द्रवरूप नैसर्गिक वायू उतरवून घेण्याची केंद्रं), हजारो किलोमीटरच्या वाहिन्या आणि वीस-वीस वर्षांचे ‘गॅस घ्या नाहीतर पैसे भरा’ करार उभे राहतात. अंदाज फुगला तर त्याचे पैसे वीजबिलातून आणि खताच्या अनुदानातून आपणच भरतो. तेव्हा ज्यांना ज्या क्षेत्राचं माहीत आहे त्यांनी लिहावं. आपण खालून वर, गिऱ्हाईक धरून हिशोब मांडूया.

---

अपर्णा_ठाणे

फार चांगला विषय. मला घरगुती पाइप गॅसचं विचारायचं आहे. सरकारचं उद्दिष्ट १२.५ कोटी घरांचं आहे असं वाचलं. आमच्या सोसायटीत पाइप येऊन बरीच वर्षं झाली, तरी काही घरांनी सिलिंडर सोडलेला नाही. मग घर मोजून मागणी कशी काढतात?

---

आकडेमोड

@अपर्णा_ठाणे, इथे हिशोब आपण स्वतः करू शकतो, म्हणून सविस्तर लिहितो.

१४.२ किलोचा सिलिंडर म्हणजे साधारण दीड लाख किलोकॅलरींहून थोडं जास्त. पाइपमधल्या गॅसच्या एका घनमीटरात ८,५०० ते ९,००० किलोकॅलरी धरा. म्हणजे एक सिलिंडर = १७ ते १८ घनमीटर. आता शहरी चौकोनी कुटुंबाला सिलिंडर ४० दिवस जातो असं धरलं तर दिवसाला ०.४४ घनमीटर. गुणिले १२.५ कोटी = ५५ दशलक्ष.

पण सगळी घरं तशी नाहीत. वर्षाला साडेसहा सिलिंडर धरले तर ०.३१ घनमीटर आणि एकूण ३९ दशलक्ष. आणि जोडण्या जसजशा लहान गावांत, उज्ज्वला योजनेतल्या घरांपर्यंत जातील, जिथे वर्षाला चारेक सिलिंडरच लागतात, तिथे ०.१९ आणि एकूण २४ दशलक्ष.

जोडण्या तेवढ्याच, उत्तर २४ ते ५५. यात अजून ‘पाइप आहे पण गॅस चालू नाही’ अशी घरं वजा केलेली नाहीत, आणि ती भरपूर आहेत. कंपन्यांना परवाना घेताना ठरावीक वर्षांत ठरावीक जोडण्या देण्याचं बंधन असतं, त्यामुळे मोजणी जोडण्यांची होते. मीटरमधून काय गेलं ते बघायला हवं. २०२५ पर्यंत देशात जोडण्या झाल्या दीड कोटीच्या आसपास, म्हणजे १२.५ कोटींच्या आठव्या हिश्श्याइतक्या.

---

वायुवाहिनी

शहर गॅस वितरणात काम करते, कंपनीचं नाव लिहीत नाही. घरगुतीबद्दल वरचं बरोबर आहे, पण आमच्याकडे निव्वळ आकारमानात घरगुती लहानच असतं. मोठा वाटा सीएनजीचा, त्याखालोखाल कारखान्यांचा.

आमचा अंदाजाचा धंदा रोजचा असतो. उद्या किती गॅस उचलणार हे आज कळवावं लागतं आणि फार चुकलं तर दंड बसतो. यात भावापेक्षा कॅलेंडर जास्त चालतं. पुण्याच्या औद्योगिक भागात गुरुवारी सुट्टी, तो दिवस बसतो. दिवाळीत भट्ट्या थंड होतात. थंडीत घरगुती वाढतं, कारण पाणी तापवायला गॅस जास्त लागतो. गणपतीत मुंबईचा खप खाली येतो आणि कोकणच्या वाटेवरच्या पंपांवर रांगा लागतात, म्हणजे तोच गॅस दुसऱ्याच परवाना क्षेत्रात विकला जातो. हे सगळं मागच्या काही वर्षांच्या मीटरवरून छान बसवता येतं. एका आठवड्यापर्यंत आमचा अंदाज क्वचितच चुकतो.

पाच वर्षांचा अंदाज मागितला की मात्र प्रामाणिक उत्तर देणं अवघड जातं. सीएनजीचं गणित असं असतं: रिक्षा दिवसाला चार-पाच किलो, शहरी बस ६०-७० किलो, खासगी गाडी सरासरी दोन किलो किंवा त्याहून कमी, एक किलो म्हणजे साधारण १.४ घनमीटर. गाड्यांची संख्या कळली की पुढचं सोपं. पण किती गाड्या येतील हेच हलतं आहे. देशात विकल्या जाणाऱ्या तीनचाकींत आता निम्म्याहून जास्त विजेवरच्या आहेत. परिवहन मंडळांच्या नव्या खरेदीतही विजेच्या बसच जास्त. म्हणजे किलोच्या हिशोबात आमची सगळ्यात खात्रीची गिऱ्हाइकं, रिक्षा आणि बस, हीच पहिली जाणार. खासगी मोटारी मात्र सीएनजीकडे येताहेत, त्यांचं वाढतं आहे. नियामक मंडळाच्या अभ्यासात शहर गॅस २०२३-२४ च्या ३७ दशलक्षांवरून २०३० पर्यंत अडीच ते साडेतीन पट होईल असं आहे. मला अडीच पटसुद्धा ओढाताण वाटते.

---

मोरबीचा_सप्लायर

टाइल्सच्या धंद्यातला आहे, मूळ गाव सांगली, आता राजकोटला असतो. वर भावाची उतरंड म्हटलं आहे ती बघायची असेल तर गुजरातेत मोरबीला या.

मोरबीतल्या कारखान्यांपैकी कित्येक आधी कोळशापासून गॅस करून भट्टी चालवायचे. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ते बंद करायला लावलं. काही आठवड्यांत पाइप गॅसची मागणी दुप्पट झाली आणि पुढे ६-७ दशलक्षांपर्यंत गेली, तीही एका तालुक्यात! हे कुठल्याही समीकरणात नव्हतं, एका आदेशाने झालं. मग युक्रेन युद्ध आलं, गॅसचा भाव भडकला, आणि कारखान्यांनी प्रोपेनच्या टाक्या बसवल्या. एकदा टाकी आणि बर्नर बसले की महिन्याच्या महिन्याला इंधन बदलता येतं. आज आमच्याकडे प्रत्येक कारखानदार पहिल्या तारखेला दोन्हींचे भाव बघून ठरवतो. गॅस प्रोपेनपेक्षा दोन-तीन रुपयांनी महाग पडला तरी अर्धं मोरबी पलीकडे जातं.

त्यामुळे मोरबीची मागणी किती असं कोणी विचारलं तर मी आधी प्रोपेनचा भाव विचारतो.

---

सांख्यिकी_माई

निवृत्त प्राध्यापिका आहे, अर्थमिती शिकवत असे. मोरबीचं उदाहरण वाचून राहवलं नाही.

साधारण पद्धत अशी असते की खपाचा संबंध राष्ट्रीय उत्पन्नाशी लावायचा: उत्पन्न एक टक्का वाढलं की गॅस किती टक्के वाढतो. त्याला लवचीकता म्हणतात. युरोपात, जपानमध्ये हे बऱ्यापैकी चालतं, कारण तिथे गॅस हवा तेवढा मिळत होता आणि मालिका लांब आहेत. आपल्याकडे गॅस दशकानुदशकं सरकारी वाटपाने मिळाला. ज्याला वाटप नाही त्याची मागणी शून्य नोंदली गेली. अशा आकड्यांवर काढलेली लवचीकता ही गिऱ्हाइकाची नसते, वाटप समितीची असते. सांख्यिकीत याला छाटलेली मालिका म्हणतात, आणि तिच्यासाठी वेगळी तंत्रं आहेत, पण छाटणी कुठे झाली हे माहीत असावं लागतं.

दुसरी अडचण म्हणजे दोन इंधनांच्या भावाचं गुणोत्तर. मोरबीकर म्हणतात तसं, गुणोत्तर एका पातळीच्या अलीकडे असेपर्यंत काहीच होत नाही आणि पलीकडे गेलं की सगळं एकदम होतं. सरळ रेषेचं समीकरण यातल्या कशालाच लागू पडत नाही. तिथे कारखान्याकारखान्याचा हिशोब हाच मार्ग.

हा मार्ग आपल्याकडे नवा नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले अमूल्य रेड्डी यांनी १९८० च्या दशकात कर्नाटकच्या विजेसाठी हेच केलं. सरकारी आराखडा जुनी वाढ पुढे ओढत होता. रेड्डींनी विचारलं की वीज कशासाठी हवी आहे: दिव्यासाठी, पंपासाठी, पाणी तापवण्यासाठी? मग प्रत्येक कामाला किती ऊर्जा लागते आणि ती सगळ्यात स्वस्त कशाने भागते ते मांडलं. उत्तर सरकारी आकड्यापेक्षा कितीतरी लहान आलं. पुढे पुण्याच्या ‘प्रयास’ गटात गिरीश संत आणि शंतनू दीक्षित यांनी महाराष्ट्रासाठी त्याच धर्तीचं काम केलं. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत असे की आधी काम मोजा, मग इंधन मोजा.

---

अंजनवेल_बंदर

गुहागर तालुक्यातला आहे, त्यामुळे दाभोळच्या वीज प्रकल्पाबद्दल लिहिणं भाग आहे. आमच्याकडे ‘एन्रॉन’ म्हटलं की लोक भ्रष्टाचाराबद्दल बोलतात. मागणीच्या अंदाजाबद्दल फारसं कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते मूळ तिथेच होतं.

१९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज नाकारलं. कारण स्पष्ट दिलं होतं: आयात द्रवरूप गॅसवरची ही वीज सगळ्यात स्वस्त पर्याय नाही, आणि एवढी मोठी भर चोवीस तास चालवायला राज्याच्या यंत्रणेत जागा नाही. महाराष्ट्राला वीज कमी पडत होती हे खरंच होतं. पण ती कमी पडत होती संध्याकाळी. रात्री कोळशाची स्वस्त केंद्रं बंद ठेवून महाग वीज घ्यायची, किंवा न घेता तिचे स्थिर आकार भरायचे, असा करार झाला. मे २००१ मध्ये वीज मंडळाने घेणं थांबवलं आणि तयार होत आलेला दुसरा टप्पा तसाच उभा राहिला.

२००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी झाली, १,९६७ मेगावॉट. या वेळी हिशोब केजी-डी६ च्या गॅसवर होता. तो आटला आणि २०१३ च्या अखेरीस केंद्र पुन्हा थांबलं. २०१५ मध्ये रेल्वेला ५०० मेगावॉट द्यायला म्हणून सुरू झालं. शेजारचं आयात टर्मिनल वर्षाला ५० लाख टनांचं, पण लाटारोधक भिंत अपुरी असल्यामुळे अनेक वर्षं पावसाळ्यात जहाजच लागत नसे.

म्हणजे एकाच जागेवर दोनदा चुकलं. पहिल्यांदा विजेची मागणी चोवीस तासांची धरली आणि दुसऱ्यांदा पुरवठा कायमचा धरला. जमिनी मात्र एकदाच गेल्या, आणि त्या आमच्या गेल्या.

---

आकडेमोड

@अंजनवेल_बंदर, तुमचा शेवटचा परिच्छेद प्रत्येक अंदाजकर्त्याने वाचावा असा आहे.

विजेचा हिशोब इथेच पुरा करतो, कारण सगळे फुगलेले आकडे तिथूनच येतात. २०२५ च्या सुरुवातीला देशात गॅसवरची केंद्रं सुमारे २५,००० मेगावॉट होती. १,००० मेगावॉट दिवसभर चालवायला जेमतेम ५ दशलक्ष घनमीटर लागतात. म्हणजे सगळी पूर्ण चालवली तर १२० च्या आसपास. ‘संभाव्य मागणी’ म्हणून हाच आकडा लिहिला जातो. केंद्र आहे, म्हणजे भूक आहे, असं धरून.

आता भाव घाला. ज्या एककाने गॅसचा भाव ठरतो त्या एका एककात चांगल्या संयुक्त चक्र केंद्रातून (गॅस आणि वाफ दोन्हींवर टर्बाइन फिरवणाऱ्या) साधारण १३० युनिट वीज निघते. केंद्राच्या दारात गॅस १२ डॉलरला पडला आणि डॉलर ८५ रुपये धरला तर नुसतं इंधन साडेसात-आठ रुपये युनिट. साडेसहा डॉलरला पडला तरी चार रुपयांच्या वर. नव्या सौर प्रकल्पांची वीज अडीच रुपयांच्या आसपास बोलीत मिळते आणि खाणीजवळच्या कोळसा केंद्राचा इंधनखर्च त्याहूनही कमी असू शकतो. कोणता वितरण कंपनीचा अधिकारी आठ रुपयांची वीज दिवसभर घेईल?

घेईल ती संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर, आणि उन्हाळ्याच्या लाटेत. २०२४ च्या मे-जूनमध्ये केंद्र सरकारने वीज कायद्याच्या कलम ११ खाली गॅस केंद्रांना चालू राहायला लावलं ते याचसाठी. ही मागणी खरी आहे, मोलाची आहे, पण ती वर्षातले थोडे तास असते. वार्षिक सरासरीत लहान दिसते आणि त्या तासांना वाहिनी पूर्ण भरावी लागते. तिच्यासाठी वर्षभराचा टनावारी करार करणं वेगळं आणि साठवण बांधणं वेगळं.

---

शेतीभाती

युरियाचं कोणीच काढलं नाही. सगळ्यात जास्त गॅस तिकडे जातो ना?

---

आकडेमोड

हो, देशाच्या खपाचा तिसरा हिस्सा, ५८ दशलक्षांच्या आसपास. आणि अंदाज करायला हे सगळ्यात सोपं क्षेत्र आहे. गोरखपूर, सिंद्री, बरौनी, रामगुंडम इथले पुन्हा उभे केलेले कारखाने प्रत्येकी वर्षाला १२.७ लाख टनांचे आहेत. टनाला साडेपाच दशलक्ष किलोकॅलरी धरल्या तर एका कारखान्याला दिवसाला सव्वादोन दशलक्ष घनमीटर लागतात. कारखाने मोजा, गुणा, झालं.

इथे भावाचा परिणाम का दिसत नाही? शेतकऱ्याला गोणी ठरलेल्या किमतीला मिळते आणि गॅस महागला की फरक केंद्र सरकार अनुदानातून भरतं. २०२२ मध्ये द्रवरूप गॅसचा आशियातला तात्काळ भाव (दीर्घ करार न करता लगेच घेतलेल्या गॅसचा) ६० डॉलरच्या वर जाऊन आला. मे २०२० मध्ये तोच २ डॉलरच्या आसपास होता. मोरबीने २०२२ मध्ये गॅस सोडला, शुद्धीकरण कारखान्यांनी कमी केला, देशाची आयात घटली. युरिया कारखाने चालूच राहिले. म्हणजे ‘मागणी भावाला दाद देत नाही’ असं जिथे दिसतं तिथे खरं तर बिल दुसरं कोणी भरत असतं.

---

मांडवी_किनारा

गोव्यातून लिहितो. वाहिनी हा मुद्दा राहिला आहे. झुआरीनगरचा खत कारखाना कित्येक वर्षं नाफ्थ्यावर चालायचा. महाग, पण गॅस येतच नव्हता. २०१३ मध्ये दाभोळ-बंगळूर वाहिनी सुरू झाली आणि कारखाना गॅसवर गेला. तोपर्यंत कागदावर गोव्याच्या त्या कारखान्याची गॅसची मागणी ‘शून्य’ होती.

कोचीचं उलट झालं. २०१३ मध्ये ५० लाख टनांचं टर्मिनल तयार झालं, पण मंगळूरपर्यंतची वाहिनी चालू व्हायला जानेवारी २०२१ उजाडलं. मंगळूरला खत कारखाना, तेल शुद्धीकरण कारखाना, दोन्ही वाट बघत होते. इतकी वर्षं टर्मिनल बरंचसं रिकामं राहिलं ते जमिनीच्या अडचणींमुळे. गिऱ्हाईक होतं, भावही बऱ्याच वेळा बरा होता.

म्हणून मला वाटतं अंदाजात भावाइतकंच ‘वाहिनी कोणत्या वर्षी’ हे असायला हवं. आता मुंबई-नागपूर-झारसुगुडा वाहिनी समृद्धी महामार्गाच्या कडेने आली आहे, तर मराठवाडा-विदर्भातल्या औद्योगिक वसाहतींचा आकडा कुणी नव्याने मांडला आहे का?

---

वायुवाहिनी

@मांडवी_किनारा, मुद्दा मान्य. त्यात कर घाला. गॅस अजून जीएसटीत नाही, राज्यागणिक व्हॅट वेगळा आहे. महाराष्ट्राने एप्रिल २०२२ पासून तो १३.५ वरून ३ टक्के केला. कारखानदाराला तो व्हॅट परत मिळत नाही, पण फर्नेस ऑइलवर जीएसटी आहे, त्याचा परतावा मिळतो. म्हणजे एकाच भावाचा गॅस छत्रपती संभाजीनगरला परवडतो आणि शेजारच्या राज्यात नाही असं होऊ शकतं. देशाचा एक आकडा काढताना हे सगळं पुसलं जातं.

---

टेम्सकाठी

इंग्लंडमध्ये याच क्षेत्रात आहे. तुलनेसाठी थोडं लिहितो. ब्रिटनचा वर्षाचा गॅसखप आणि भारताचा आता जवळपास सारखा आहे, लोकसंख्या मात्र तिथे विसावा हिस्सा. तिथे अंदाजाचा कणा हवामान आहे. तापमान, वारा, आदल्या दिवसांची थंडी या सगळ्यांचा मिळून एक निर्देशांक करतात आणि घरं तापवायला किती गॅस लागेल ते त्यावरून ठरतं. जाळं बांधताना निकष असा की वीस वर्षांतून एकदा येईल अशा कडाक्याच्या दिवसालाही गॅस पुरला पाहिजे. सरासरीला तिथे कोणी फार विचारत नाही.

भारतात घर तापवणं जवळजवळ नाहीच, त्यामुळे ते समीकरण उचलून आणता येणार नाही. पण ‘सगळ्यात वाईट दिवशी किती’ हा प्रश्न आणण्यासारखा आहे. आकडेमोड यांनी उन्हाळ्याच्या संध्याकाळचं लिहिलं तो आपला कडाक्याचा दिवस.

आणि एक इशारा पाकिस्तानकडून. त्यांनी विजेसाठी कतारशी दीर्घ मुदतीचे करार केले. मग वीज महागली, लोकांनी आणि कारखान्यांनी छपरांवर सौर पटलं टाकली. २०२४ या एका वर्षात चीनमधून सुमारे १७ गिगावॉटची पटलं आली. २०२५ मध्ये त्यांच्यावर कतारची जहाजं पुढे ढकलायची वेळ आली. मागणी कमी होऊ शकते हे त्या करारांच्या वेळी कुणी गृहीतच धरलं नव्हतं.

---

अपर्णा_ठाणे

सगळं वाचलं. मग आकडेमोड, तुमचा स्वतःचा आकडा काय? टीका झाली, आता मांडा.

---

आकडेमोड

रास्त मागणी. एक आकडा देणार नाही, तीन देतो, प्रत्येक भावासकट. भाव म्हणजे आयात गॅस गिऱ्हाइकाच्या दारात पडेल तो. वर्ष २०३०. हा माझा हिशोब आहे, कुठल्या संस्थेचा नाही.

युरिया तिन्ही वेळा ६२. ते अनुदानावर आहे, हलणार नाही.

शहर गॅस: १४ डॉलरच्या वर गेला तर ६२, दहाच्या आसपास ७५, सातच्या आसपास ९२. मधला आकडा म्हणजे २०२३-२४ च्या ३७ वर वर्षाला १२ टक्के वाढ. वायुवाहिनी ताईंचं रिक्षा-बसबद्दलचं म्हणणं धरून मी अडीच पट ही वरची मर्यादा मानली आहे.

वीज: २०, २८, ५०. पन्नास म्हणजे १०,००० मेगावॉट दिवसभर, किंवा सगळीच केंद्रं दिवसाचे नऊ-दहा तास. त्याहून पुढे जायला बॅटऱ्या महाग राहाव्या लागतील, आणि त्या स्वस्त होताहेत.

उरलेले सगळे, म्हणजे शुद्धीकरण, पेट्रोरसायनं, स्पंज आयर्न, थेट वाहिनीवरचे कारखाने, वाहिनीचा स्वतःचा वापर: आज ६८ च्या आसपास. महाग असेल तर ५८, मधल्या भावाला ७५, स्वस्तात ९५. इथे माझी खात्री सगळ्यात कमी आहे. जामनगरच्या शुद्धीकरण कारखान्यात पेटकोकपासून (शुद्धीकरणातून उरणाऱ्या कोळशासारख्या पदार्थापासून) गॅस करायला लागल्यावर आयात गॅसचं एक मोठं गिऱ्हाईक कमी झालं. असा एखादा निर्णय पूर्ण ओळ बदलतो.

बेरजा: २०२, २४०, २९९.

म्हणजे नियामक मंडळाचा २९७ आणि ऊर्जा संस्थेचा २८२ अशक्य नाहीत. पण ते माझ्या उतरंडीच्या स्वस्त टोकाला आहेत. कतार आणि अमेरिकेचे नवे प्रकल्प बाजारात येऊन भाव पडतील, हे त्यांच्या पोटात आहे. ते कदाचित खरंही ठरेल. पण तसं मोठ्या अक्षरात, आकड्याच्या शेजारी लिहिलं जावं असा माझा आग्रह आहे. ३६५ माझ्या हिशोबात कुठल्याच भावाला बसत नाही. आणि १५ टक्के वाट्याचं म्हणाल, तर देशाची एकूण ऊर्जा जराही वाढली नाही असं धरलं तरी त्याला ४५० दशलक्ष लागतील.

---

सांख्यिकी_माई

तीन आकडे भावासकट मांडलेत हे फार आवडलं. एकच सुचवते. भाव आणि मागणी यांना एकमेकांपासून वेगळं धरू नका. भारत आणि चीन दोघांनी स्वस्ताईत गॅस उचलायला सुरुवात केली की भाव सातवर राहणार नाही. तुमचा तिसरा रकाना स्वतःलाच वर ढकलतो. त्यामुळे २९९ ही टिकणारी पातळी न मानता शिखर माना.

---

आकडेमोड

माई, पटलं. तिसऱ्या रकान्यापुढे तशी टीप लिहून ठेवतो.

देशांतर्गत गॅसचंही सांगायचं राहिलं. जुन्या क्षेत्रांतल्या गॅसचा भाव एप्रिल २०२३ पासून भारतीय कच्च्या तेलाच्या १० टक्के, ४ डॉलर तळ आणि सुरुवातीला ६.५ डॉलर छत अशा सूत्राने ठरतो. किरीट पारीख समितीच्या शिफारशींनंतर ते आलं. घरगुती आणि सीएनजीला प्राधान्याने मिळतो तो हाच गॅस. पण शहर गॅस वाढतो आहे आणि जुनी क्षेत्रं वाढत नाहीत, म्हणून दरवर्षी सीएनजीत आयात गॅसचं प्रमाण वाढत जाणार. आज सीएनजीवाला भावाला फार दाद देत नाही. २०३० मध्ये तो मोरबीकरासारखा वागू लागेल का, हे मला अजून सुटलेलं नाही. वायुवाहिनी ताई, तुमच्याकडे भाव वाढल्यानंतरच्या महिन्यांतली पंपावरची विक्री कशी हलली, टक्केवारीत तरी सांगता येईल का?

---

वायुवाहिनी

कंपनीचे आकडे देता येणार नाहीत. दिशा सांगते. भाव वाढला की चालू गाड्यांची विक्री जवळजवळ हलत नाही, रिक्षावाल्याला फिरावंच लागतं. हलते ती नव्या गाड्यांची नोंदणी, आणि तिचा परिणाम मीटरवर दिसायला दोन-तीन वर्षं जातात. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर इंधनानुसार नोंदणी महिन्याच्या महिन्याला सगळ्यांना बघता येते. पेट्रोलियम नियोजन व विश्लेषण कक्षाचा क्षेत्रवार खप दर महिन्याला येतो, तो शेजारी ठेवा. तीन वर्षांनंतरचा सीएनजी आजच्या नोंदणीत दिसतो. या रविवारी मी महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांचा तक्ता करून इथे टाकते, बाकी राज्यं कोण घेतंय?